वणव्याच्या हंगामासाठी ब्लोअर: स्वयंसेवी गटाच्या प्रमुखाने काय घ्यावं, कसं वापरावं

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कडेची गावं, येडशीचा रामलिंग घाट, किनवटचं सागवन अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवशी वनरक्षकांच्या जोडीने जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत-पाला कापून-जाळून मोकळा केलेला पट्टा) साफ करणाऱ्या गटांचे प्रमुख हल्ली एकच प्रश्न विचारतात: वर्गणी जमली आहे, ब्लोअर (जोराच्या वाऱ्याने पाला उडवणारं यंत्र) घ्यायचा का, आणि कोणता? उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्या. पाठीवरचा एक मोठा घेण्यापेक्षा हातातले दोन घ्या. पण ते पाल्यासाठी घ्या, गवतासाठी नाही.

जाळरेषा पंधरा फेब्रुवारीच्या आत कापून-जाळून तयार होते, पण साग, धावडा, सालई यांची पानगळ त्यानंतरही चालूच असते. आठ-पंधरा दिवसांत काळ्या पट्ट्यावर पुन्हा पाल्याचा थर बसतो आणि रेषा नावालाच उरते. इथे ब्लोअरची खरी किंमत कळते. खराट्याने आणि फांद्यांनी जे काम कंबर मोडेपर्यंत करावं लागतं, ते ब्लोअर माणूस चालेल त्या वेगाने करतो. सागाचं वाळकं पान पराती​एवढं, कडा आत वळलेल्या. वारा त्याच्या पोटात शिरला की शिडासारखं उचललं जातं आणि चार-पाच हात लांब जाऊन पडतं. धावड्याची बारीक पानं मात्र जमिनीला चिकटून बसतात. त्यांना चपट्या तोंडाची नळी लागते, सागाला गोल तोंडाची. दोन्ही नळ्या खोक्यात मिळतात का, ते दुकानातच बघून घ्या.

कुसळी, पवन्या यांच्या गवताळ माळावर हे यंत्र कामाचं नाही. ठोंब मुळाने धरलेला असतो, वाऱ्याने हलतो आणि तिथेच राहतो. तिथे आधी विळा किंवा ब्रश कटर, आणि कापलेलं गवत बाजूला सारायला मग ब्लोअर. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी गटांचं यंत्र दुसऱ्या वर्षी कोपऱ्यात पडलेलं दिसतं.

आता दोन प्रकारांची तुलना. हातातला साधारण २५ ते २८ सीसीचा, वजन साडेचार किलोच्या आसपास, टाकी अर्धा लिटरच्या आतली. पूर्ण वेगात पाऊण तास चालतो. पाठीवरचा ६० ते ७५ सीसीचा, वजन १० ते १२ किलो, त्यात टाकीतलं पेट्रोल वेगळं. त्याची हवा जबरदस्त असते आणि सपाट, लांब रेषेवर तो सरस आहे, यात वाद नाही. पण कन्नडच्या बाजूचे सातमाळ्याचे उतार, सुटे दगड आणि मार्च-एप्रिलचं ऊन धरलं तर बारा किलो पाठीवर घेऊन माणूस घसरला की पटकन उठत नाही. आणि आगीजवळ उठायला लागणारा वेळ हाच धोका असतो. शिवाय एकच यंत्र असेल आणि ते बंद पडलं तर अख्खा गट उभा राहतो. दोन असतील तर एक चालू राहतं. बॅटरीवरचे ब्लोअर बागेसाठी ठीक. जंगलात पूर्ण वेगात त्यांची बॅटरी फार लवकर उतरते आणि चार्जिंगला जागा नसते.

गटप्रमुखाची खरी कसोटी आग लागल्यावर असते. ब्लोअर म्हणजे वारा, आणि वारा आगीला खाऊ घालतो. म्हणून नियम पक्का ठेवा: ज्वाळा गुडघ्याच्या खाली आणि आग पाल्याची असेल तरच ब्लोअर चालू. गवत कंबरेएवढं असेल, ज्वाळा छातीला लागत असतील किंवा आग बांबूच्या बेटात शिरली असेल, तर यंत्र बंद करून माणसं मागे घ्या. समोरून आग लावून वणवा अडवायचा की नाही, हा निर्णय फक्त वनखात्याच्या अधिकाऱ्यांचा. अभयारण्यात आग पेटवण्याविरुद्ध वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये कलम ३० आहे, आणि आत जायला परवानगी लागते ती वेगळी.

लढायची पद्धत अशी. सुरुवात नेहमी जळून गेलेल्या काळ्या जागेपासून, वारा पाठीशी घेऊन, आगीच्या कडेने. आगीच्या तोंडासमोर कुणीही उभं राहायचं नाही आणि उतारावर आगीच्या वर कधीच नाही, कारण आग चढावर धावते. नळीचं तोंड ज्वाळेच्या मुळाशी, जमिनीला तिरकं, आणि रोख काळ्या बाजूकडे. पाला जळक्या भागात ढकलला गेला की तिथे जळायला नवीन काही नसतं. नळी उलट्या बाजूला वळली तर ठिणग्या हिरव्या, म्हणजे न जळलेल्या, बाजूच्या पाल्यात जातात आणि एका आगीच्या चार होतात. ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

दहा-बारा जणांच्या गटाची मांडणी सांगतो. पुढे पहिला ब्लोअर ज्वाळा मोडतो. त्याच्या मागे आठ-दहा पावलांवर दुसरा, राहिलेली कड साफ करत येतो. त्यामागे दोघं-तिघं ओल्या डहाळ्या किंवा झोडपे घेऊन, आणि शेवटी दाताळं, फावडं आणि पाण्याचा पंप. प्रत्येक ब्लोअरवाल्यामागे एक साथीदार, कारण यंत्राचा आवाज कानाशी नव्वद-शंभर डेसिबलपर्यंत जातो आणि त्यात कानाला आवाज अडवणारा मफ लावलेला. गटप्रमुखाने कितीही ओरडलं तरी चालवणाऱ्याला काही ऐकू येत नाही. म्हणून खुणा आधी ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे यंत्र बंद करून मागे ये. शिट्टी बाकीच्यांसाठी. गटप्रमुखाने स्वतः हातात यंत्र घेऊ नये. त्याचं काम बघणं, मोजणं आणि वाऱ्याची दिशा बदलली की सगळ्यांना आधी कळवणं.

वाळके बुंधे, वाळलेल्या शेणाचे पो आणि पोकळ ओंडके आतून धुमसत राहतात. त्यावर ब्लोअर मारला तर निखारा फुलतो. तिथे माती किंवा पाणी. शेतातला सोळा लिटरचा बॅटरी पंप यासाठी उत्तम, पण तणनाशक मारलेला पंप तीन-चार पाण्यांनी धुतल्याशिवाय रानात आणू नका. आग विझल्यावरही दोघांना तिथे थांबवा. दुपारी वारा उठला की विझलेली वाटणारी कड परत पेटते.

एप्रिल-मे मधली एक गोष्ट गटप्रमुखाने आवर्जून लक्षात ठेवावी. रातवा पक्षी पाल्यातच जमिनीवर अंडी घालतो. त्याच्या पिसांचा रंग वाळक्या पानाचाच, आणि तो पायाखाली येईपर्यंत हलत नाही. टिटवीची अंडी उघड्या खडकाळ जागेत असतात. जाळरेषेवर ब्लोअरच्या आधी एक माणूस नजर ठेवत चालवा. पक्षी उडाला की ती जागा दोन-तीन मीटर सोडून हाताने साफ करा.

इंधनाचं बघू. ही बहुतेक यंत्रं दोन-स्ट्रोकची, म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. ५०:१ प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. कोणतं प्रमाण ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा, अंदाजाने नको. ऑइल कमी पडलं की पिस्टन आणि सिलिंडरवर ओरखडे येतात आणि दुरुस्तीचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो. जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी अडवणारी जाळी काजळीने बुजते. त्रास देते म्हणून ती जाळी काढून टाकणारे महाभाग असतात. जंगलात तसलं यंत्र आणूच नये. ई-२० पेट्रोल ओलावा खेचतं, म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा आणि महिनाभरापेक्षा जुनं वापरू नका.

टाकी भरताना यंत्र बंद करून पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या. भरायचं ते मोकळ्या मातीवर किंवा जळलेल्या जागेवर, आणि चालू करायचं तिथून किमान तीन मीटर लांब. गरम सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल म्हणजे विझवणाऱ्याच्याच अंगाला आग. इंधनाचा कॅन सांभाळणारा माणूस ठरलेला असावा, त्याने दुसरं काही करू नये. कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन आणि टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. पायात चामड्याचे बूट, डोळ्याला गॉगल आणि माणशी चार लिटर पाणी.

यंत्र सुरूच होत नाही ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा चोकची असते. चोक ओढून पाच-सहा दोऱ्या मारल्या की प्लग पेट्रोलने भिजतो. प्लग काढून पुसा, चोक बंद करा, प्लगशिवाय दोन-चार दोऱ्या मारून सिलिंडर वाळवा, मग परत बसवा. चालता चालता दम सोडत असेल तर एअर फिल्टर बघा. राख आणि धूळ असलेल्या ठिकाणी दर दोन तासांनी तो झटकावाच लागतो. दोन जादा फिल्टर, एक जादा प्लग, दोरी आणि प्लगपाना पिशवीत ठेवा.

स्वस्तातलं ऑनलाइन यंत्र पहिल्या वर्षी बरं वाटतं, पण कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कडक झाला की त्याचा भाग मिळत नाही. घेण्याआधी संभाजीनगर, जालना किंवा नांदेडच्या कृषी यंत्रांच्या दुकानात त्या मॉडेलचा डायफ्रॅम, फिल्टर आणि स्टार्टरची दोरी तिथल्या तिथे मागून बघा. तिन्ही काढून दिल्या तरच पैसे मोजा. गावातला फवारणीचा पॉवर पंप दुरुस्त करणारा मिस्त्री हे यंत्र सहज उघडतो, फक्त भाग हवेत.

आगीची खबर १९२६ या वनखात्याच्या टोल फ्री क्रमांकावर द्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वणवा संदेशांसाठी गटप्रमुखाने आपला मोबाइल नोंदवून ठेवावा. हे संदेश उपग्रहावरून येतात आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, त्यामुळे नेमकी जागा त्या भागाच्या वनरक्षकाला विचारूनच निघा.

पाऊस लागला की टाकी रिकामी करा, यंत्र चालू करून स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, फिल्टर धुऊन वाळवा आणि कोरड्या जागी उंदरांपासून लांब टांगून ठेवा. डायफ्रॅम पेट्रोलात भिजत राहिला की पुढच्या फेब्रुवारीत यंत्र उघडावंच लागतं.