‘बनगरवाडी’ : आठ महिने, सात मुले आणि एकच प्रत

गेल्या जूनपासून दर रविवारी सकाळी तासभर मी आमच्या इमारतीतल्या सात मुलांना ‘बनगरवाडी’ मोठ्याने वाचून दाखवली. मुले तेरा ते पंधरा वर्षांची होती आणि त्यांतली दोघे इंग्रजी माध्यमातली होती. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही छोटेखानी कादंबरी एरवी तीन-चार बैठकांत संपावी. आम्हाला चार महिने लागले. पुढचे चार महिने तीच प्रत घरोघर फिरत राहिली. मी स्वतः ती कॉलेजात असताना प्रथम वाचली होती आणि तेव्हापासून ती माझी सर्वांत आवडती मराठी कादंबरी आहे. त्यामुळे मुलांना ती रुचली नाही तर काय, ही धास्ती मनात होतीच.

पहिले दोन रविवार ही धास्ती खरी ठरली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा शिक्षक माळरान तुडवत एकटाच निघतो, वाडीवर पोहोचतो आणि शाळेत मुलेच नाहीत असे त्याला आढळते, कारण मुले मेंढरांमागे रानात गेलेली असतात. त्यापलीकडे बराच वेळ ‘काही घडत’ नाही. रहस्य उलगडण्याची सवय जडलेल्या वाचकाला ही संथ चाल जड जाते. त्यातच माणदेशी संवाद शहरी मुलांच्या कानांना परके होते. मी सुरुवातीला प्रत्येक शब्द थांबून समजावत गेले आणि ती माझी चूक होती, कारण वाचनाचा वर्ग झाला आणि मुले जांभया देऊ लागली. तिसऱ्या रविवारी मी अर्थ सांगणे सोडले आणि संवाद मुलांनाच वाचायला दिले. उच्चार चुकले, हसू झाले. पण वाडीचा म्होरक्या असलेल्या कारभाऱ्याचे बोलणे ज्याच्या वाट्याला आले तो मुलगा त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

किशोरवयीन वाचकांसाठी मी हे पुस्तक निवडले ते त्यातल्या मास्तरामुळे. गोष्ट सांगणारा राजाराम वयाने या मुलांहून फार मोठा नाही, आणि जगाने त्याला अचानक मोठा माणूस ठरवून टाकले आहे. वाडीतली माणसे शाळेपलीकडची आपली कामेही त्याच्याकडे घेऊन येतात, आणि त्यातले आपल्याला किती झेपेल हे त्यालाच ठाऊक नसते. कारभाऱ्याच्या मुलीने, अंजीने, चोळी शिवून आणायला सांगितल्यावर त्याच्या साधेपणातून जो गैरसमज होतो आणि कारभारी जसा दुरावतो, तो भाग ऐकताना खोलीत कोणी हलले नाही. आपण काहीच वाईट केले नाही तरी मोठी माणसे आपल्याकडे संशयाने पाहतात, हा अनुभव या वयाला ओळखीचा असतो. चूक नेमकी कुठे झाली, हे माडगूळकर बोट ठेवून दाखवत नाहीत; मुलांनी ते आपापसांत भांडून ठरवले.

तालमीचा, म्हणजे वाडीतल्या व्यायामशाळेचा, भाग मात्र मला वाटला होता तितका रंगला नाही. सगळी वाडी राबून तालीम उभी करते आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष राजेसाहेब वाडीवर येतात, याचे अप्रूप आजच्या मुलांना कसे वाटावे? औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांनी १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली, हे सांगितल्यावर कुतूहल थोडे जागे झाले. नकाशात त्याच संस्थानातले आटपाडी शोधल्यावर ते आणखी वाढले, कारण एका मुलीचे आजोळ सांगली जिल्ह्यातच निघाले.

दुष्काळाच्या पानांविषयी मी फार लिहिणार नाही. इतके कष्ट करून मास्तराने जमवलेली शाळा आणि वाडी पावसाअभावी डोळ्यांदेखत रिकामी होत जाते आणि लेखक आवाज जराही चढवत नाही. ते वाचून झाल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही आणि मीही विचारला नाही. ज्या पालकांना मुलांच्या पुस्तकाचा शेवट गोडच हवा असतो, त्यांनी ही कादंबरी देण्याआधी स्वतः वाचावी.

एक आक्षेप मात्र मुलींनी घेतला आणि मला तो खोडता आलेला नाही. दुसरा बैल मिळत नाही म्हणून वाडीतल्या शेकूची बायको स्वतः बैलाच्या जोडीला जुवाखाली खांदा देते. ते चित्र कोणीही विसरणार नाही. पण तिच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे कादंबरी सांगत नाही. मी म्हटले की मास्तर जेवढे पाहतो तेवढेच आपल्याला दिसते, निवेदनाची ती मर्यादाच आहे. त्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, “मग मास्तरांनी तिला विचारायचं होतं.” जानेवारीत प्रत परत आली तेव्हा तिने त्या पानात वहीचा एक कागद घडी करून ठेवला होता, आणि त्यावर तो प्रसंग शेकूच्या बायकोच्या तोंडून लिहिलेला होता. तो कागद मी तिथेच राहू दिला आहे.