कोथरूडचा शनिवारचा विणकाम गट: वर्षभराचा अनुभव

कोथरूडमध्ये आमच्या घराजवळच्या एका सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळेत विणकाम करणाऱ्यांचा एक गट जमतो. गेले वर्षभर मी तेथे नियमितपणे जात आहे आणि ओळखीच्या बऱ्याच जणी त्याविषयी विचारत असल्यामुळे एकदाच सविस्तर लिहीत आहे. महिन्याला शंभर रुपये घेतात, ते सभागृहाच्या भाड्यात आणि चहात संपतात. हा क्लास नव्हे. प्रत्येक जण आपापले काम घेऊन येतो आणि अडले की शेजारच्याला विचारतो.

मी प्रथम गेले तेव्हा माझ्या हातात अर्धवट स्वेटर होता. नमुन्याप्रमाणे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसायला हवे होते आणि पाठीसाठी ९७ टाके घालायचे होते. तेवढे घालून मी वीतभर विणलेही होते, पण ४४ सेंटिमीटर भरायला हवी ती पाठ साडेअठ्ठेचाळीस भरत होती. शेजारच्या काकूंनी पट्टी ठेवून टाके मोजले, तर ते २० निघाले. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग मिळून स्वेटर नऊ सेंटिमीटर ढगळ झाला असता. ‘तुझा हात सैल आहे, त्यात वाईट काही नाही. आठ नंबरच्या सुया ठेवून दे, नऊवर आणि दहावर, म्हणजे त्याहून बारीक सुयांवर, एकेक चौकोन विणून बघ, आणि मगच टाके घाल,’ एवढेच त्या म्हणाल्या. उसवायचे की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडले. मी त्याच संध्याकाळी उसवले.

या गटाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण हाच आहे: येथे कोणी तुमच्या हातातून सुया काढून घेत नाही. नवशिक्याचे विणकाम हातात घेऊन दोन ओळी झरझर विणून परत देणे सोपे असते, पण त्यातून शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. पुढे एकदा माझा एक टाका सुटला आणि अकरा ओळी खाली जाऊन तेथे शिडीसारखे आडवे दोरे दिसू लागले. तेव्हा काकूंनी स्वतःच्या विणकामात मुद्दाम एक टाका सोडला, क्रोशाच्या सुईने तळाचा टाका धरून त्यातून वरचा एकेक दोरा ओढून घेतला आणि क्रोशा माझ्या हातात दिला. माझ्या अकरा ओळी मीच वर आणल्या. आता टाका सुटला की पोटात गोळा येत नाही.

सभासदांच्या कामांपैकी एक मला विसरता येणार नाही. सत्तरीच्या एका आजींनी आपल्या सासूबाईंनी विणलेला जुना स्वेटर नातवाच्या झबल्यासाठी उसवायला काढला. लोकर अस्सल आहे की ॲक्रिलिक, हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून त्यांनी शिवणीतला बोटभर दोरा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडणारी राख उरली, तेव्हा ती अस्सल लोकर ठरली. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. उसवलेला दोरा कुरळ्या केसांसारखा झाला होता. खुर्चीच्या पाठीवर त्याच्या लड्या करून, त्या कोमट पाण्यात भिजवून, खाली हलके वजन बांधून वाळवल्यावर तो सरळ झाला. मग मी दोन्ही हात पुढे करून लडी धरली आणि आजींनी गुंडा केला. कोपरांजवळची लोकर झिजली होती, ती त्यांनी वगळली; उरलेल्यात झबले आणि टोपडे दोन्ही झाले.

याशिवाय एक काका दोनटोकी सुयांवर मोजे विणतात आणि त्यांची टाच पाहण्यासारखी असते. जाळीची शाल विणणाऱ्या एक ताई दर वीस ओळींनंतर सगळ्या टाक्यांतून रंगीत दोरा ओवून ठेवतात, म्हणजे चुकले तर तेवढ्यापर्यंतच उसवावे लागते. सर्वांनी मिळून एका रुग्णालयातील अकाली जन्मलेल्या बाळांसाठी टोपडीही विणली. शरीराच्या मानाने डोके मोठे असल्याने अशा बाळांच्या अंगातील ऊब डोक्यावाटे लवकर जाते. ही टोपडी मऊ सुताची असावीत, त्यांना गोंडे, नाड्या किंवा तंतू सुटणारी लोकर नसावी, हा नियम गटात कटाक्षाने पाळला गेला, याचे मला फार समाधान वाटले.

उणिवाही सांगायला हव्यात. नमुने बहुतेकांच्या डोक्यात असतात, लिहिलेले नसतात, त्यामुळे एखादा शनिवार चुकला की जाळीचा नमुना मधूनच धरणे अवघड जाते. खुर्च्या हात असलेल्या आहेत आणि लांब सुया त्यांना अडतात. पाचनंतर खिडकीकडचा उजेड कमी होतो, तेव्हा गडद रंगाची लोकर घेऊन जाऊ नये. नोकरी करणाऱ्यांना, विशेषतः ज्यांना शनिवारीही कामावर जावे लागते त्यांना, ही वेळ सोयीची नाही. महिन्यातून एखादा रविवार ठेवावा, असे मी सुचवले आहे.

नव्याने येणाऱ्यांनी आठ किंवा नऊ नंबरच्या सुया आणि फिकट रंगाची चारपदरी लोकर आणावी. स्वेटर विणायचा असल्यास सगळी लोकर एकदम घ्यावी आणि प्रत्येक गुंड्याच्या कागदावरचा लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच आहे ना, हे पाहावे. मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेल्या सहा गुंड्यांपैकी दोन वेगळ्या लॉटचे निघाले. ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसला नाही, उन्हात नेल्यावर लगेच दिसला. ते दोन मी आता गळ्याच्या आणि मनगटाच्या पट्टीसाठी ठेवले आहेत. दुसरी बाही सध्या कोपरापर्यंत आली आहे.