रविवारचा रनिंग ग्रुप, सातारा: सात महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत जॉइन झाले, आता सप्टेंबर संपत आला. मधले तीन रविवार लग्नात गेले, एक तापात, बाकी सगळे पळाले, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. वय ४१, बँकेत बसून काम, याआधीचं पळणं शाळेतल्या खो-खोत.

सातारकरांना सांगायला नको, २०१२ ला हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाटातली २१ किलोमीटरची रेस, सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे घरटी एक तरी माणूस पळतो आणि तो प्रत्येक लग्नात आपला टाइम सांगत बसतो. ग्रुपमध्ये सगळे असलेच असणार ही माझी भीती. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी पोचले तर सगळ्यांच्या मनगटावर मोठमोठी घड्याळं, आणि मी नवऱ्याच्या टीशर्टमध्ये. स्कूटी स्टँडला लावायच्या आधीच परत वळवणार होते तेवढ्यात साठीच्या पुढचे एक काका म्हणाले, "नवीन का? या, आमच्यात या, आम्ही शेवटचे." त्या "शेवटचे" वर मी थांबले.

इथली पद्धत अशी की एक जुना रनर कायम सगळ्यात मागे असतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी घरी जात नाही. काका पळता पळता मला लॉकरच्या भाड्याचं विचारत होते, मला वाटलं काय माणूस आहे, इथे जीव चाललाय आणि याला लॉकर. नंतर कळलं तीच टेस्ट होती. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर स्पीड जास्त आहे, कमी करा. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, आणि चालायचं ते दम लागायच्या आधीच, लागल्यावर नाही. असं करत यवतेश्वर घाटाची पहिली काही वळणं चढून परत, तीन किलोमीटर. एकटी पळायचे तेव्हा कॉलनीच्या कोपऱ्यावरच फुस्स व्हायचे कारण पहिल्याच मिनिटाला सुसाट सुटायचे, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

चढाची सगळे भीती घालतात पण वाट लावतो तो उतार. सोमवारी बँकेचा जिना मी कठडा धरून आडवी आडवी उतरले. उतरताना मांडीचे स्नायू सारखे ब्रेक मारत असतात, त्यात मी लांब पावलं टाकून टाचेवर आदळत होते. पावलं छोटी आणि भरभर टाकायची. आणि शूज अर्धा नंबर मोठे घ्या, उताराला बोटं पुढे आपटतात. हे कळायला मला दोन महिने आणि अंगठ्याचं एक नख लागलं.

आता तक्रारी. साडेपाच म्हणजे पावणेसहा. बायकांसाठी वाटेत टॉयलेट नाही, हे आधी कुणी सांगत नाही, घरून उरकूनच निघा. न मागता सल्ले देणारे दादा लोक भरपूर, एकच गुडघा दाखवला तर तिघं तीन उपाय सांगतात. व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा, फोटोच फोटो. जुलैत घाटात इतकं धुकं की पुढचा माणूस दिसत नाही, कडेला शेवाळ, आणि ऑगस्टच्या शेवटापासून कासला फुलं बघायला जाणाऱ्या गाड्या पहाटेपासूनच वर. त्या दिवसांत रिफ्लेक्टर जॅकेट आणि एका रांगेत पळणं मस्ट आहे, पण चार जण गप्पा मारत शेजारी शेजारी पळतातच, मीसुद्धा दोनदा शिव्या खाल्ल्यात.

वजन फक्त दोन किलो उतरलं, झोप मात्र मस्त लागते. आता न थांबता आठ किलोमीटर होतं, चढावर अजून चालते. २१ किलोमीटरचं मला विचारू नका, यंदा रेसला मी पाण्याच्या स्टॉलवर होते आणि तिथेच खूश होते.

फी नाही. पण रन झाल्यावर मिसळ असते आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी पैसे देऊ देत नाहीत, दुसऱ्या रविवारपासून मात्र वसुली चालू.