आपली कौन्सिल कार्बन खरंच कमी करते का? स्कोअरकार्ड वापरून बघितलं

यूकेत राहणाऱ्यांनी क्लायमेट इमर्जन्सी यूके या संस्थेचं कौन्सिल स्कोअरकार्ड (कौन्सिल म्हणजे तिथली पालिका) एकदा बघाच, फुकट आहे, कौन्सिलचं नाव टाकलं की तिच्या हवामानविषयक कामाचे टक्के समोर. दरवर्षी कौन्सिल टॅक्स भरतो पण त्यांच्या "नेट झीरो"चं (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषायचा, या वचनाचं) पुढे काय झालं हे कधी कळतच नाही, आमच्या कौन्सिलला मी मेल केला तर ३ आठवड्यांनी एक चकचकीत पीडीएफ आलं, त्यात सगळे झाडांचे फोटो आणि आकडा एकही नाही! इथे मात्र इमारती आणि हीटिंग, वाहतूक, प्लॅनिंग, कचरा असे वेगवेगळे विभाग आहेत, प्रत्येक प्रश्नाला मार्क का मिळाले ते लिहिलंय आणि विमानतळ वाढवायला परवानगी दिली वगैरे असेल तर मार्क कापतात पण, हे मला जाम आवडलं. तपासतात व्हॉलंटियर, मग कौन्सिलला उत्तर द्यायचा चान्स मिळतो. २०२३ ला सरासरी फक्त ३२ टक्के आली होती, म्हणजे आपल्याकडे काठावर नापास 😄

एक खोट आहे, स्कोअरकार्ड कौन्सिलने केलेलं काम मोजतं, प्रत्यक्ष धूर किती घटला ते नाही. कार्बन किती टन कमी झाला ते बघायला सरकारी आकडेवारी उघडावी लागते, ती २००५ पासूनची आहे पण साधारण दोन वर्षं मागे चालते आणि त्यात अख्ख्या एरियाचा कार्बन येतो, एकट्या कौन्सिलचा नाही. मोबाईलवर स्क्रोल करून बोटं दुखतात, लॅपटॉपवरच बघा. माझ्याकडून ४ स्टार.