समुद्राचा तळ बोटाला लागतो असा पृथ्वीगोल – तीन महिने वापरल्यावर

३० सेंमीचा उठावाचा गोल आहे, घेतला तो एकाच कारणासाठी, यात समुद्र नुसता निळा रंगवून सोडलेला नाही, तळाचे चढउतारही आहेत. अलास्कापासून पश्चिमेला अल्युशियन बेटांवरून बोट नेऊन बघा, बेटांच्या दक्षिणेला खोल चर लागतो आणि तोही बेटांच्या रांगेसारखाच धनुष्यासारखा वाकलेला, पुढे कुरील, जपान, मारियाना, पार खाली टोंगापर्यंत हीच जोडी सापडत जाते. पॅसिफिक प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) जिथे दुसऱ्या प्लेटखाली वाकून घुसते तिथे गर्ता, म्हणजे तो खोल चर, प्लेट साधारण १०० किमी खोल गेली की तिच्यातलं पाणी सुटतं, त्या पाण्यामुळे वरचा प्रावरणाचा (कवचाखालच्या थराचा) खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो आणि तो शिलारस वर येऊन ज्वालामुखी बेटं होतात, म्हणून बेटं गर्तेला चिकटून नसतात, थोडी आतल्या बाजूला असतात. हे सगळं वाचलेलं होतं हो, पण ते मधलं अंतर बोटाखाली आलं तेव्हा खरं समजलं.

खोली वाढवून दाखवलीये, आणि ते बरोबरच आहे. मारियाना गर्ता जवळपास ११ किमी खोल, १९६० मध्ये पिकार्ड आणि वॉल्श जिच्या तळाशी उतरले ती, एवढ्या गोलावर खऱ्या प्रमाणात पाव मिलिमीटर भरेल, बोटाला काय कळणार. फक्त किती पट वाढवलंय ते कुठेतरी छापायला हवं होतं.

राग आला तो सोबतच्या पुस्तिकेचा. त्यात हवाई बेटंही प्लेटच्या कडेला झाली असं लिहिलंय! गोलावरच बघा ना, हवाईजवळ गर्ताच नाही, ती प्लेटच्या मधोमध आहेत. खालचा हॉटस्पॉट, म्हणजे खोलातून शिलारस वर येतो ती जागा, जवळपास जागच्या जागी आणि प्लेट वरून सरकतेय, भूशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९६३ मध्येच हे मांडलं होतं. म्हणून मोठं हवाई बेट दहा लाख वर्षांच्या आतलं तर त्याच रांगेतलं वायव्येकडचं काउआई ५० लाखांच्या आसपास, आणि पुढे बुडालेल्या डोंगरांची रांग उत्तरेला वळून थेट रशियातल्या कामचात्काजवळच्या गर्तेच्या तोंडाशी जाते. हे डोंगर गोलावर बारीक आहेत पण लागतात, दिवा तिरका धरला तर दिसतातही.

स्टँड किंचित डुगडुगतो, रंग अजून टिकलाय. चार स्टार, पाचवा पुस्तिकेने घालवला.