स्पेक्ट्रम प्लसचे अपग्रेड भाग: टेबलावर मांडण्याआधी काय बसवावं

व्होल्टेज पाचवर स्थिर ठेवणारा नवा रेग्युलेटर, खालच्या रॅमच्या जागी बसणारा छोटा बोर्ड, एसडी कार्डावरून कार्यक्रम चढवणारं डिव-एमएमसी कार्ड, कीबोर्डचा नवा मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) आणि व्हिडिओसाठी एक कपॅसिटर. कपाटातला झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर चार लोकांसमोर मांडायचा म्हटलं की बहुतेक हौशी मंडळी हेच पाच भाग मागवतात आणि सगळ्यात आधी कार्ड लावून बघतात. इथेच चुकतं. टेबलाभोवती गर्दी जमते ती कार्डामुळे हे खरं, पण मशीन सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत न अडकता चालतं ते रेग्युलेटर आणि रॅममुळे. म्हणून हे परीक्षण पेटीतल्या दिमाखाच्या क्रमाने नाही, बसवण्याच्या क्रमाने लिहिलं आहे.

स्पेक्ट्रम १९८२ चा, प्लस १९८४ चा. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात आज एखाद्याच्या माळ्यावर सापडला तर तो इंग्लंडचा मूळ प्लस किंवा हा डीबी, कुठलाही असू शकतो. आतला बोर्ड त्याच कुळातला असल्यामुळे पुढचं सगळं दोन्हींना लागू आहे.

सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून करा, कारण तो पेटीत नसतो आणि सगळ्यात जास्त मशीन त्यानेच मरतात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, लेबलवर १.४ अँपिअर लिहिलेले असतात, आणि प्लगच्या मधल्या भागाला ऋण असतं. बाजारात मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर मध्ये धन असलेले असतात. तो तसाच खुपसला की रेग्युलेटर जातो आणि सोबत रॅमही जाऊ शकते. मध्ये ऋण असलेला ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर गिटारच्या पेडलसाठी वाद्यांच्या दुकानात सहज मिळतो, पण तो बऱ्याचदा शंभर ते पाचशे मिलिअँपिअरचाच असतो. मशीन सुरू झाल्यासारखं वाटतं, चित्र थरथरतं आणि थोड्या वेळाने सगळं गोठतं. किमान दीड अँपिअरचा, चांगला स्विचिंग अ‍ॅडॉप्टर घ्या, प्लगच्या तारा उलटून घ्या आणि मशीनला लावण्याआधी मल्टिमीटरने एकदा बघाच: लाल टोक मध्ये, काळं बाहेर, आकडा उणे दिसला पाहिजे.

आता रेग्युलेटर. मूळचा ७८०५ जास्तीचे व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. समजा आत १० व्होल्ट येताहेत आणि पाचच्या रेषेवर पाऊण अँपिअर ओढला जातोय, तर पावणेचार वॅट त्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर जळतात, आणि तेही बंद डब्यात, कीबोर्डच्या पट्ट्यांच्या शेजारी. मेम्ब्रेनच्या पट्ट्या वाळून कडक होतात आणि हात लावताच तुटतात त्याला ही उष्णताही कारणीभूत आहे. स्विचिंग रेग्युलेटर तीनच पायांचा, ७८०५ च्याच जागी बसणारा. नुसतं मशीन चालवायचं तर एक अँपिअरचा पुरतो, मागे कार्ड लावायचं असेल तर दोन अँपिअरचाच घ्या. आत येणाऱ्या बाजूला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायांना चिकटून लावा. तो विसरला तर पडद्यावर तिरक्या बारीक रेघा सरकताना दिसतात आणि लोक उगाच व्हिडिओच्या तारा बदलत बसतात. जुना पत्रा काढून टाकला तरी चालतो. या भागाला आमचे पूर्ण गुण, आणि पाचांत बसवायला सगळ्यात सोपाही हाच.

रॅमकडे जाण्याआधी मीटर हातात असू द्या. खालच्या १६ के साठी ४११६ या आठ आयसी आहेत, आयसी ६ ते आयसी १३. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५, आणि सोळावा ग्राउंड, म्हणजे शून्य. दहा टक्के इकडेतिकडे चालतं, त्यापलीकडे नाही. उणे ५ गायब आणि १२ मात्र हजर, ही सगळ्यात वाईट अवस्था. त्यात आयसी तापतात आणि काही मिनिटांत मरतात. म्हणून नवीन हाती आलेलं मशीन सुरू करून 'काय दिसतंय बघू' म्हणत बसू नका. आधी पहिला पाय मोजा, मग टीव्ही लावा.

हे व्होल्टेज बोर्डवरच्याच एका छोट्या कन्व्हर्टरमधून येतात. त्यातला झेडटीएक्स ६५० हा ट्रान्झिस्टर, बोर्डवर टीआर ४ म्हणून छापलेला, हा या मशीनचा कच्चा दुवा. तो मरायचं नेहमीचं कारण म्हणजे मशीन चालू असताना मागच्या कनेक्टरला काहीतरी लावणं किंवा काढणं. त्या कनेक्टरवर ५, ९, १२ आणि उणे ५ असे सगळे व्होल्टेज शेजारी शेजारी बाहेर आलेले आहेत. कार्ड जरा तिरपं झालं की दोन रेषा एकमेकींना टेकतात. स्पेक्ट्रमला चालू-बंद करायचं बटण नाही, म्हणून तारेतच एक स्विच बसवून घ्या. खर्च नगण्य, पण प्रदर्शनात याच्याइतका उपयोगी भाग दुसरा नाही.

रॅमचा बदली बोर्ड आठही आयसींच्या जागी एकत्र बसतो आणि फक्त ५ व्होल्टवर चालतो. उणे ५ गेलं तरी रॅम वाचते, हा त्याचा खरा फायदा. पण त्यासाठी आठ आयसी काढाव्या लागतात, म्हणजे १२८ ठिकाणचं सोल्डर. मशीनच्या मुख्य बोर्डावरचे तांब्याचे गोल फार नाजूक आहेत. आयसी वाचवायच्या नादात ते उपटले गेले तर पुढे तारा जोडत बसावं लागतं. आयसी मेलेल्याच असतील तर अंगाजवळून पाय कापा, एकेक पाय चिमट्याने धरून गरम करून ओढा, मग भोकं साफ करा आणि सॉकेट घाला. चांगल्या असतील तर बोर्ड घेऊच नका. एकच आयसी संशयास्पद असेल तर चांगली ४११६ तिच्या पाठीवर, पायाला पाय टेकवून ठेवा. चित्र सुधारलं तर गुन्हेगार सापडला.

बोर्डाऐवजी ४१६४ आयसी घालायचा मार्गही आहे. त्यात आठव्या पायाकडे जाणारे १२ व्होल्ट तोडून तिथे ५ द्यावे लागतात. हे न करता ४१६४ बसवली तर ती पहिल्याच क्षणी जाते. ज्या ४१६४ च्या पहिल्या पायाला आत काहीच जोडलेलं नाही अशाच घ्या. आणि रॅमला आता १२ नकोत म्हणून कन्व्हर्टर काढून टाकू नका, रंगाच्या एलएम १८८९ चिपला ते लागतातच.

सगळं झाल्यावर बेसिक या मशीनच्या भाषेत स्मृतीचा पत्ता २३७३२ आणि २३७३३ वाचा: पहिला आकडा अधिक दुसऱ्याच्या २५६ पट. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के पूर्ण हजर. ३२७६७ आलं तर वरची ३२ के रॅम मशीनला दिसत नाही, मग आयसी १५ ते २२ कडे वळा.

व्हिडिओचा बदल पाचांत सगळ्यात लहान. मॉड्युलेटरकडे, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाचा सिग्नल बनवणाऱ्या डबीकडे, जाणाऱ्या दोन तारा सोडवा, डबी उघडून बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला आतून लागलेला रोध तोडा, आणि व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, धन टोक बोर्डाकडे ठेवून, त्या मधल्या टोकाला जोडा. दुसरी तार, व्होल्टेजची, टेप गुंडाळून मोकळी ठेवा. एवढ्यावर कुठल्याही जुन्या टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटवर स्वच्छ चित्र येतं. पाल ही टीव्हीची रंगपद्धत आणि ५० हर्ट्झ आपल्याकडे आधीपासूनच आहे, त्यामुळे इंग्लंडहून आलेल्या मशीनलाही वेगळं काही करावं लागत नाही.

एचडीएमआयचा स्वस्त डबा मात्र आम्ही सुचवणार नाही. स्पेक्ट्रमचा सिग्नल ५० हर्ट्झच्या किंचित वर आणि एकेरी ३१२ ओळींचा असतो. काही डबे तो ओळखतच नाहीत, जे ओळखतात ते कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत उशीर लावतात. खेळायला बसलेल्या मुलाला तो उशीर लगेच कळतो. त्यापेक्षा घरातला चौदा इंची जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही रिक्षात घालून न्या.

आता डिव-एमएमसी. हे कार्ड मागच्या कनेक्टरला लागतं. टेपवरून ४८ के चढायला चार-पाच मिनिटं जातात, इथे एक-दोन सेकंद. बटण दाबलं की यादी उघडते, कर्सर हलवायचा, एंटर मारायचा. येणाऱ्या प्रत्येकाला त्याने मागितलेलं लगेच दाखवता येतं, आणि हीच त्याची खरी ताकद. एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेलं घ्या. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं, ते वाचलं जात नाही. डिव-एमएमसी चालवणाऱ्या ईएसएक्सडॉस या प्रणालीच्या बिन, सिस आणि टीएमपी या तिन्ही फोल्डरांची आवृत्ती डिव-एमएमसीवरच्या रॉममध्ये लिहिलेल्या आवृत्तीशी जुळलीच पाहिजे. एक नवी आणि एक जुनी असेल तर सुरुवातीलाच चूक दाखवून थांबतं, आणि लोक कार्डच खराब समजून परत पाठवतात. रॉम लिहून झाली की संरक्षणाचा जंपर जागेवर लावायला विसरू नका.

या कार्डाची एक मोठी उणीव आहे. ते मागे लोंबतं. टेबलाला धक्का लागला, कोणी कळा जोरात दाबल्या, की कनेक्टर हलतो आणि मशीन अडकतं. २८ जोड्यांचा तो कनेक्टर पाचव्या जागी असलेल्या खाचेत पट्टी असलेलाच हवा, नाहीतर कार्ड एक घर सरकून बसू शकतं. कार्डाखाली आधार द्यायला हवा. कार्ड लावलेल्या अवस्थेत टेबलापासून त्याच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढ्या उंचीचा अ‍ॅक्रेलिकचा ठोकळा कापून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम सहज होतं. मशीनच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, आणि खानापूरच्या पुढे तर त्याहून जास्त, हवाच ओली असते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मशीन काढताना हे पुसणं टाळू नये.

टेप पूर्णपणे बाद करू नका. किनारीला लाल-आकाशी, मग पिवळे-निळे पट्टे धावताना आणि तो कर्कश आवाज ऐकताना चाळिशी ओलांडलेले लोक थांबतात. "हे टेपवर चालायचं होय ओ?" असं विचारणारा तरुण तिथेच उभा राहतो. मोबाइलवरून आवाजाची फाइल ईअर सॉकेटमध्ये द्या, आवाज पूर्ण ठेवा, सूचनांचा टिंग बंद करा. हेडफोनचं भोक नसलेल्या फोनचे काही छोटे अ‍ॅडॉप्टर इतका हलका आवाज देतात की मशीनला कळतच नाही. त्यासाठी जुना फोन ठेवलेला बरा.

मेम्ब्रेनबद्दल थोडक्यात. प्लसचा मेम्ब्रेन अनेक थरांचा, बसवायला किचकट. आधी दोष ओळखा: शेजारशेजारच्या पाच कळा एकदम मेल्या तर आठ तारांची पट्टी, विखुरलेल्या आठ कळा मेल्या तर पाच तारांची. पट्टीचं टोकच तुटलं असेल आणि लांबी पुरत असेल तर पाच मिलिमीटर सरळ कापून पुन्हा घाला, नवा मेम्ब्रेन नंतर बघा.

दिवसभर मांडायचं तर छोटा यूपीएस हवाच. लाइट एक क्षण डुलली तरी स्पेक्ट्रमची सगळी स्मृती पुसली जाते.

उरतं ते पडद्यावर काय ठेवायचं. टेबलाकडे पाय वळावेत यासाठी गावाचं नाव, समजा बेळगाव, मराठी आणि कानडी दोन्हींत, अशी पाटी फार चांगली चालते. मशीनमध्ये ए ते यू अशी स्वतः काढायची २१ अक्षरघरं आहेत, प्रत्येक ८ गुणिले ८ ठिपक्यांचं. मराठी अक्षरं एका घरात बसतात, कारण पहिली ओळ २५५ ठेवली की शिरोरेषा घरागणिक आपोआप जुळत जाते. 'ब' साठी आठ आकडे असे: २५५, ४, ६०, १००, ८४, ७६, ६०, ४. तशीच ळ, ग, काना आणि व, एकूण पाच घरं. कानडी अक्षरं गोलाईची, ती एका घरात ओळखू येत नाहीत, त्यांना चार-चार घरं द्यावी लागतात. बे, ळ, गा, वि म्हणजे सोळा. पाच आणि सोळा एकवीस, जागा संपली, आणि 'बे' ची मराठी मात्रा राहिली. तिला घर लागत नाही. नाव दहाव्या ओळीत बाराव्या स्तंभापासून छापलं असेल तर बेसिकमध्ये प्लॉट (ठिपका) १०१, ९६ आणि ड्रॉ (रेघ) उणे ५, ५ एवढं दिलं की मात्रा नेमकी दांड्यावर बसते. वरची नववी ओळ मोकळी ठेवा आणि कानडी नाव बाराव्या-तेराव्या ओळीत घ्या. एका घरात दोनच रंग राहतात, त्यामुळे वरच्या ओळीत दुसऱ्या रंगाचं काही असेल तर मात्रा काढताच तेही मात्रेच्या रंगाचं होतं.