लिनक्स मिंटवर सहा महिने मराठी टायपिंग: सगळं अडलं होतं ते ‘ल’ आणि ‘श’पाशी

कोल्हापुरात सीपीआर चौकाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार, वाटणीपत्रं असलं काम. ऑक्टोबरपासून दुकानातलं मुख्य मशीन विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर आहे, रोज नऊ-दहा तास. फीचर्सची यादी कुठेही मिळेल, म्हणून ती देत नाही. ज्यांचं पोट मराठी टायपिंगवर आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे विषयच मिटला. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षाने परत तेच रडगाणं. दुरुस्तीवाल्याने नवीन सेटचे ३८ हजार सांगितले आणि वर म्हणाला, “ताई, हे भंगारात काढा.” मला राग आला. मशीन एक दिवस बंद पडलेलं नव्हतं. त्यात १८ ऑगस्टला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, ज्यासाठी कोल्हापूरनं चाळीसेक वर्षं वाट बघितली, आणि आमच्या गल्लीत गर्दी वाढली. ऐन कामाच्या दिवसात ३८ हजार घालायचे कुठून?

इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, “मावशी, दोन दिवस थांब.” त्याने पेनड्राईव्हवर आधी उबंटू हे दुसरं लिनक्स आणलं. दिसायला देखणं, पण माझ्या ४ जीबीला ते झेपेना. फायरफॉक्स उघडेपर्यंत समोरचं गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. मग मिंटची एक्सएफसीई आवृत्ती लावून बघितली. आतून तीही उबंटूच्या २४.०४ आवृत्तीवरच उभी आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, पण डेस्कटॉप हलका. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, तेवढा दोन हजाराच्या आतला खर्च. चहा सांगून येईपर्यंत सुरू होणारं मशीन आता खुर्ची ओढेपर्यंत तयार असतं. इथवर मी खूश होते.

पहिलं प्रतिज्ञापत्र छापलं आणि वकीलसाहेबांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला. “ताई, हा ल असा का? आणि हा श बघा. हिंदी पेपर वाचल्यासारखं वाटतंय.”

त्यांचं बरोबर होतं. शिरोळ तालुक्यातल्या शेतजमिनीचा मजकूर होता, ओळीओळीला श. आणि प्रत्येक श हिंदी वळणाचा, शेंडी फुटलेला. ल ला पाकळ्या नाहीत, बाजूला सरळ दंड. तुम्ही म्हणाल, वाचता येतंय ना? येतंय. पण मी ३० च्या स्पीडची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली बाई आहे, माझ्या दुकानातून असा ल बाहेर जाणार नाही. शासनाचा निर्णयसुद्धा मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हेच सांगतो. मला तर ‘कोल्हापूर’मधला ल्ह परका दिसला की कागद परका वाटतो.

आठवडाभर मी फॉन्ट बदलत बसले. एकात ल बरा, तर जोडाक्षरं तुटलेली. दुसऱ्यात सगळं ठीक, पण जाडी अशी की झेरॉक्सला शाई पसरायची. शेवटी भाच्याला फोन करून सांगितलं, “हे काढ आणि जुनं परत घाल, नेटला न जोडता चालवेन.”

तो शनिवारी आला आणि त्याने जे दाखवलं ते आधी कळलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मराठी ल आणि हिंदी ल असे दोन वेगळे नाहीत, संकेतांक एकच. कुठलं वळण काढायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं त्याला सांगावं लागतं. मी ज्यात टाइप करते त्या लिब्रेऑफिसमध्ये भारतीय लिप्यांसाठी मुळात भाषा लावलेली होती हिंदी. म्हणजे मी मराठी टाइप करत होते आणि तो कागद आतून स्वतःला हिंदी समजत होता. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर हिंदीच्या जागी मराठी निवडायचं. जुन्या फाइलचा मजकूर सगळा सिलेक्ट करून त्याचीही भाषा बदलायची. नोटो सान्स देवनागरी तोच ठेवला, आणि माझ्या डोळ्यासमोर पानभर ल ला पाकळ्या फुटल्या. मला खरंच भरून आलं. पंचवीस वर्षं अक्षरं जुळवणाऱ्या माणसालाच ते कळेल.

म्हणून आधीचं ‘काढ हे’ मी मागे घेतलं. पण दुसरं दुखणं होतंच. माझ्या अकरा वर्षांच्या फाइल्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातल्या. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा वेष चढवतो. फॉन्ट गेला की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं तपासण्यात तेवढाच वेळ जातो. मी रोज लागणारे चाळीसेक मसुदे निवडले आणि नव्याने टाइप केले.

आणि ते इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत केले. बोटांना टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची सवय, पण म्हटलं करायचंच तर एकदा कायमचं करू. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहेच, वेगळं काही टाकावं लागत नाही. सगळ्यात जड गेली पहिली वेलांटी. टाइपरायटरवर ती अक्षराच्या आधी मारायची, इथे अक्षरानंतर. पंधरा दिवस माझ्या प्रत्येक ‘किंवा’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत होती. पण ‘ऱ्य’ बघा. शिफ्टसह जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. तीन ठोक्यांत ‘शेतकऱ्यास’ मधला ऱ्य. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मी कोड पाठ केलेला होता. सहा आठवड्यांत जुना वेग परत आला. दुकानात हाताखाली नवीन मुलगी घेतली आहे, तिला मी थेट हेच शिकवतेय.

जानेवारीत मात्र एक दिवस गेला. सकाळी अपडेट केलं, मशीन परत चालू केलं, तर वायफाय गायब. माझा वायफाय यूएसबीवरच्या छोट्या अडॅप्टरचा, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येत नाही, वेगळा बसवलेला. कर्नल नवा आला, ड्रायव्हर जुन्यालाच चिकटून राहिला. बाहेर चार माणसं थांबलेली आणि ऑनलाइन अर्ज भरता येईना. भाचा परीक्षेत. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट मशीनला देणं, चालू केलं, नेट लगेच आलं, तेवढ्यावर दिवस निभावला. संध्याकाळी मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरली, मेनू आला, त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला. वायफाय हजर. कुणाची मदत न घेता हे केलं याचा मला अभिमान आहे. आता कर्नलचं अपडेट फक्त रविवारी करते आणि त्याआधी टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घेते, म्हणजे बिघडलं तर सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेता येते. कामाच्या दिवशी अपडेटला हात लावू नका, हे मी दुकानाच्या वहीतसुद्धा लिहून ठेवलंय. आणि अडॅप्टर घेणार असाल तर आधी पेनड्राईव्हवरून मिंट चालवून बघा, वायफाय तिथेच दिसला तरच पैसे द्या.

प्रिंटरचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. माझा जुना लेझर स्वतः पान रचत नाही, सगळं कॉम्प्युटरने रचून त्याच्याच भाषेत त्याला द्यावं लागतं, म्हणून लिनक्सवर त्याला खास ड्रायव्हर हवा. लोकांनी स्वतःच्या वेळात लिहिलेला एक आम्ही दोन संध्याकाळी बसून चढवला. एक प्रत व्यवस्थित येते. तीन प्रती सांगितल्या की दुसरीनंतर अडतो, मग बंद करून चालू. कोर्टाच्या कामात तीन प्रती रोजच्या, त्यामुळे सध्या एकेक करून तीनदा प्रिंट देते. नवीन प्रिंटर घ्यायचा झालाच तर ड्रायव्हरशिवाय नेटवर्कवर चालणारा घेईन. पण याचा टोनर मी गेल्याच महिन्यात भरलाय, तो संपेपर्यंत नाही. कुणी जुन्या लेझरवर हे प्रतींचं अडणं सोडवलं असेल तर कसं ते जरूर सांगा.